टॅम्सिनचा खड्डा

कोकाटूच्या घळीत आता नुसत्या मेंढ्या चरतात. पण कुंपणापाशी एक खड्डा आहे, त्याला अजून सगळे टॅम्सिनचा खड्डाच म्हणतात. नवऱ्याचा नाही. का, ते मला विचारा. मी शेजारच्याच तंबूत राहायचे.

टॅम्सिन विलायतेतल्या कॉर्नवॉलची. नऊ वर्षांची असल्यापासून तिकडच्या खाणीवर हातोड्यानं दगड फोडलेली. नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इथे सोनं शोधायला आली. त्या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, खड्ड्यावरच्या रहाटाचा दोर तुटला आणि तिच्या नवऱ्याचा, डिगोरीचा पाय मोडला. आमच्याकडे नियम कडक: जागेवर अख्खा दिवस काम थांबलं, की कुणीही येऊन आपली खुंटी ठोकावी. जागा त्याची.

चौथ्या दिवशी उजाडताच सायलस ग्रिबल आला. धाड, धाड, धाड!

"अरे, झोपेत चालतोस का काय?" मी ओरडले.

"तीन दिवस रहाट हललेला नाही, मावशी. मी रोज बघतोय. जागा माझी!"

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, "कोण रे वर? माती पडतेय डोक्यात!"

आणि चिखलानं माखलेलं टॅम्सिनचं डोकं वर आलं. खाली नवऱ्याची पँट. सगळी घळ खो खो हसली.

सायलस मात्र हटेना. जाऊन जागांचे तंटे सोडवणाऱ्या खाणसाहेबांना घेऊन आला. "साहेब, ही आजच उतरलीय. नुसतं नाटक! एकटी बाई खाली खणणार, वर येऊन रहाट ओढणार, पुन्हा उतरणार? जमेल तरी का?"

"तू उठतोस कधी रे?" टॅम्सिननं विचारलं.

"न्याहारीला. आजच काय तो लवकर उठलो."

"तोवर माझ्या पंधरा बादल्या वर आलेल्या असतात."

"मग मला कसा आवाज आला नाही गं?" मी म्हटलं.

"रहाटाला मेंढीची चरबी फासलीय. नवरा जागा झाला की कुरकुरायला लागतो ना!"

"ऐकू येतंय हं मला!" तंबूतून डिगोरी.

साहेब हसले नाहीत. "पुरावा काय?"

तिनं फावडं घेतलं आणि मातीचा ढीग वरपासून उभा कापला. "हा वरचा ओला चिखल आजचा. त्याखाली बघा, उन्हानं वाळून तडकलेली सायीसारखी खपली. रोजच्या चिखलाची एक. मोजा."

साहेब वाकले. "एक. दोन. तीन."

"आता त्याच्याखाली हात घाला."

साहेबांनी हात घातला आणि तुटलेला दोर ओढून काढला. पाय मोडला त्या दिवशी तिनंच तिथे भिरकावलेला!

"ग्रिबल," साहेब म्हणाले, "काढ ती खुंटी."

सायलसनं इतक्या जोरात ठोकली होती की त्याला ती हलेना. तो लालबुंद, आम्ही हसून गारद. शेवटी टॅम्सिननं हातोड्याचे दोन फटके आडवे मारले, एक हिसका दिला, आणि खुंटी हातात!

"लाकूड छान वाळलंय रे," ती म्हणाली आणि तिनं खुंटी चुलीत सारली.

चहाचा पहिला पेला साहेबांना, दुसरा डिगोरीला. तिसरा तिनं सायलसपुढे धरला.

"घे, तुझ्याच लाकडावरचा चहा. आणि उद्यापासून जरा लवकर उठत जा."