खान सरांनी मलाच विचारलं

मंडळी, आज आम्ही कप जिंकला. पण अभिनंदन करू नका.

सामना बरोबरीत होता, दोनच मिनिटं उरली होती. आमचा स्ट्रायकर इम्रान गोलसमोर धाडकन पडला. कुणाचाच धक्का लागला नव्हता. मी दोन हातांवर होतो, सगळं बघितलं.

रेफ्री होते खान सर, माझे जुने कोच. गर्दीत त्यांना नीट दिसलं नाय. अशा वेळी आमच्या मैदानावर पेनल्टी मागणाऱ्या टीमच्या कॅप्टनला विचारायचा रिवाज आहे. कॅप्टन मी.

"धक्का लागला का रे?"

वीस वर्षांपूर्वी, खान सर आमचे कोच असताना, दुसऱ्या एका रेफ्रीच्या ह्याच प्रश्नाला मी "नाय सर" म्हणालो होतो. आम्ही हरलो, तरी सरांनी अख्ख्या टीमला शहागंजात चहा पाजला.

आज मागून इम्रान पुटपुटला, "भाई, टीव्हीवरचे मोठमोठे असंच पडतात. व्हय म्हण ना!" बाकीचे नऊ जण माझ्याकडंच बघत होते.

मी "व्हय" म्हणालो.

पेनल्टी, गोल, कप.

निघताना सरांनी खांद्यावर हात ठेवला. "तू होतास म्हणून विचारलं. हल्ली दुसऱ्या कुणाला विचारत नाय."

उद्या सकाळी लहान पोरांची प्रॅक्टिस सरांसोबतच घ्यायची आहे. कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.