खुसपटमावशीने कुलूप लावलेलं घर

ऑफिसात तिला सगळे खुसपटमावशी म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. खुसपटं काढण्याचाच तर तिला पगार होता. आधी सोळा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासायची. कुठे टाका सुटलाय, कुठे काजं तिरकी गेलीत. कारखाना बंद पडला तेव्हा भाचीने तिला या व्हिडिओ गेमच्या कंपनीत चिकटवलं. काम तेच. गेम खेळायचा, भिंतींना धडका द्यायच्या, नको तिथे उड्या मारायच्या, आणि कुठे फाटतंय ते भीडभाड न ठेवता लिहून द्यायचं. "इथे बिघडलंय," हे तिने साहेबांनाही तोंडावर ऐकवलं होतं. साहेब चिडायचे, पण ऐकायचे.

आता मात्र भीतीने तिची झोप उडाली होती. मागचे दोन गेम साफ आपटले होते आणि नवा गेम बघायला गुंतवणूकदार येणार होते. त्यांनी मान डोलावली तर ठीक, नाहीतर महिनाअखेर कंपनीला टाळं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा दारात कोण उभं करणार? त्यात साहेबांनी डोक्यावर बॉम्ब टाकला.

"मावशी, त्यांच्यापुढे गेम तुम्हीच खेळायचा."

"मी? अहो, माझे हात बघा कसे थरथरतायत!"

"थरथरू देत. गेम कुठे कुठे अडकतो, हे तुमच्याइतकं कुणाला पाठ आहे? तेवढं चुकवून चालायचं. बस्स."

तर बैठकीच्या खोलीत, मोठ्या पडद्यासमोर, ती जीव मुठीत धरून बसली. समोर तिघं: एक टकले गृहस्थ, सतत फोनमध्ये डोकं घातलेला त्यांचा जावई, आणि बारीक काड्यांचा चष्मा लावलेल्या एक बाई. टकले गृहस्थ विचारत होते, जुने खेळणारे टिकले किती, फोनवरचा गेम कधी येणार, या गेमनंतर पुढे काय. साहेब घाम पुसत गोलगोल उत्तरं देत होते. मावशीच्या कानात काही शिरत नव्हतं. पुलावर डावीकडून चालायचं. विहिरीपाशी उडी मारायची नाही. बोटांना सवय नेमकी उलटी. पूल दिसला की बोटं आपोआप मोडक्या कठड्याकडे वळायची, आणि मावशी त्यांना दामटून मागे आणायची.

तळं आलं. दाखवायचा भाग इथे संपायचा. आता सुटलेच, असं तिला वाटलं, तोच चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "काठावरचं ते घर किती छान आहे! आत जा बघू."

तिच्या काळजात धस्स झालं. त्या दाराला हात लागला की अख्खा गेम थिजायचा. तिनेच तीनदा लिहून दिलं होतं. तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "इथे बिघडलंय," हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"त्याला कुलूप आहे," ती म्हणाली. "किल्ली... किल्ली पुढच्या भागात मिळते."

जावयाने फोन खाली ठेवला.

"म्हणजे पुढचा भागही आहे?" टकले गृहस्थ साहेबांवर उखडले. "अहो, मग तासभर आम्ही दुसरं काय विचारतोय?"

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "ते जरा... सरप्राइज ठेवलं होतं."

"कधी येणार?"

"वर्षाच्या आत."

पुढच्या भागाची एक ओळही कुणी लिहिलेली नव्हती. असा काही भाग आहे, हे मावशीलाही आत्ताच, स्वतःच्या तोंडून कळलं होतं.

अर्ध्या तासात होकार मिळाला. बाहेर सगळे एकमेकांना टाळ्या देत होते, कुणीतरी तिला मिठी मारली. तिने मात्र कुणालाच टाळी दिली नाही. तीसजणांची नोकरी वाचली होती ती तिच्या थापेवर, आणि ती थाप आता तारखेसकट करारात गेली होती.

निघताना चष्मेवाल्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "हे दोघं काय बघून हो म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक. मी त्या घरासाठी हो म्हणाले. आत काय आहे ते बघायला मी स्वतः येणार." मग त्या थबकल्या. "अहो, हात किती गार पडलेत तुमचे! बरं नाही का?"

"छे हो, एसीमुळे," मावशी हसून म्हणाली.

बाई गेल्या. मावशी तिथेच भिंतीला टेकली. पहिल्या थापेआधी निदान काळजात धस्स तरी झालं होतं. ही दुसरी, एसीची, विचार न करताच तोंडातून निघून गेली होती, आणि तिला खरी भीती वाटली ती या दुसरीची.