लातूरला नेलेला धुवणाचा मध

इस्लापूरहून निघाले तवा दोन हातांत मधाचे दोन डबे व्हते. लातूर नुकतंच जिल्हा झालं व्हतं, पाऊस मात्र दोन सालं झाला नव्हता. लातुरातल्या जडीबुटीच्या दुकानदारानं, आप्पानं, सांगावा धाडला व्हता, मध चांगला निघाला तर दर साली तुझाच घेतो. घेतला तर बरं, न्हाई तर उन्हाळाभर सरकारी कामावर खडी फोडायची. खडी मला ठाऊक व्हती. एक नख अजून काळंच हाय.

नांदेडला दुपारी उतरले. गोदावरी म्हातारीच्या वेणीवानी बारीक झालेली. गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसले. वाढणारा सरदारजी म्हणला, "माई, डब्बे में क्या है?"

"मध."

"तो सूखी रोटी क्यों खा रही?"

"हा इकायचा हाय, बाबा. खायाला तुमची दाळ हाय की."

त्यानं हसून आजून एक पळी वाढली.

लातूरच्या यष्टीत बसले. लोहा गेलं आन पायातला एक डबा फुसफुस करायला लागला. शेजारच्यानं पाय वर घेतले. "आजी, साप हाय का डब्यात?"

"मध हाय."

"मध फुसफुसतो व्हय?"

"उन्हानं वैतागला आसंल."

अहमदपूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली. झाकण उडून टपाला लागलं, आन फेस सगळा कंडक्टरच्या सदऱ्यावर. "म्हातारे, ह्या डब्याला पुरं तिकीट फाडतो बघ!" असं वरडला, आन बोट चाटून म्हणला, "आंबट हाय की गं."

"आंबट हाय तर दुसऱ्यांदा का चाटायलाव?"

सगळी गाडी हसली. मीबी हसले, आन झाकण हुडकून डब्यावर दाबून बसवलं.

लातुरात पोचले तवा आप्पा नुकताच जेवून उठला व्हता. कपाळाला भस्माचे पट्टे. त्याची बायको हातावर पाणी घालून राहिली व्हती, खाली घमेलं. पहिला डबा त्यानं बोटानं वर वढून बघितला, धार तुटली न्हाई. दुसऱ्याचा वास घेतला आन तोंड वाकडं केलं.

"ह्यात पाणी घातलंस. माप वाढवायला."

जल्मात कुनी मला लबाड म्हणलं नव्हतं. "माप न्हाई वाढवलं, आप्पा. धुवण घातलं." धुवण म्हंजे भांडं इसळलेलं पाणी. मध गाळला, भांड्याला चिकटलेला ऱ्हायला, तांब्याभर पाण्यात इसळला. आमच्याकडं त्या दोन सालांत धुवण कुनीच फेकलं न्हाई. एवढं गोड पाणी मी फेकणार व्हय?

आप्पा म्हणला, "अगं, मधात बारीक जीव आसतात. यीस्ट म्हणतात त्यास्नी. फुलावरून, मधमाश्यांसंगं येतात, डोळ्याला दिसत न्हाईत. घट्ट मधात गप पडून ऱ्हातात. पाणी लागलं की उठतात, गोडी खातात, वारा सोडतात. म्हणून आंबला. पर तू फसवलंस का न्हाई, ते सांग."

"आप्पा, तुमी आत्ता हात धुतले. ते पाणी कुठं जाणार?"

बायकोच बोलली, "गाईला."

"माझी गाय चाऱ्याविना गेली. म्हणून मधाला पाजलं."

आधी ती हसली, मग आप्पा. चांगला डबा त्यानं ठिवून घेतला. "पुढल्या साली दोन्ही घेतो. भांडं चाट, धुऊ नको. आन हा घरी नेऊन उकळ, जीव मरतील."

येताना आंबट डबा झाकण सैल करून मांडीवर घेतला. एका डब्यानं अर्धा उन्हाळा निभला, अर्धा खडीवर गेला.

घरी आल्यावर उकळायला चूल पेटवली, डबा उचलला, कान लावला. आत बुडबुड चाललेली. साऱ्या गावात तेवढंच कुनीतरी खुशीत व्हतं. त्यास्नी कशाला मारू? चुलीवर भाकरी टाकली. मग रोज खडीवर जाताना बोटभर चाटून जायची. आंबट लागायचं, पर बरं लागायचं.