तीन बोटं खोल घर

चिखलीच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आणि रज्जाकचं फोटोफ्रेमचं दुकान एकाच भिंतीला चिकटून आहेत. माझ्याकडं येणारा माणूस घाईत असतो. रज्जाककडं घाई असून उपयोग नसतो. "फोटो हाये भाऊ, भजे नाहीत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. गिऱ्हाईक टिकवायची ही कुठली रीत, असं मी त्याला हजारदा विचारलं असेल. तो काच कापत राहतो. काच कापताना त्याला काही ऐकू येत नाही, आणि ऐकायचं नसलं की तो मुद्दाम काच कापायला घेतो.

एके काळी या माणसाच्या दुकानात उभं राहायला जागा नसे. लग्नसराईत नवरा-नवरीचे फोटो, दिवाळीला लक्ष्मी, रमजानच्या आधी काबा-मदिन्याच्या तसबिरी आणि बारा महिने गेलेली म्हातारी माणसं. घरात कोणी गेलं की मुलगा फोटो घेऊन हजर. रज्जाक त्याला आधी बसवायचा, पाणी द्यायचा, मग फोटो हातात घेऊन विचारायचा, "टोपी जराशी तिरपी हाये. राहू द्यायची ना?" एवढ्या प्रश्नावर भलेभले बाप्ये त्याच्या स्टुलावर बसून रडलेले मी पाहिलेत. आता फोटो मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइल कोणी भिंतीला टांगत नाही. ते दिवस आठवले की मला फार वाईट वाटतं. रज्जाकला सांगत नाही, नाहीतर तो मलाच धीर देत बसेल.

रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या दोघांच्या जुन्या टपऱ्या गेल्या आणि पक्के गाळे मिळाले. मी पेढे वाटले. रज्जाक मात्र कितीतरी दिवस तोंड पाडून बसला. मग एका दुपारी त्यानं एक फ्रेम माझ्यापुढं धरली. ही नेहमीची नव्हती, चांगली तीन बोटं खोल होती, उथळ पेटीसारखी. काचेआड त्याची टपरी उभी होती. गंजका टिन, मधोमध वाकलेली फळी, बाहेर टांगलेल्या नखाएवढ्या तसबिरी. शेजारी माझ्या टपरीचा कोपरा, आणि त्यावर मी खडूनं लिहिलेली 'लाइट नाही' ही पाटी.

"हे काय बे?" मी हसत म्हणालो. पण हसू पुरतं फुटेना. त्या टपरीत माझी जवानी गेली होती.

तिथून त्याला नादच लागला. पुठ्ठा, प्लायचे तुकडे, काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या तारा, औषधाच्या बाटल्यांची झाकणं असं काहीही तो उचलून आणायचा. त्याची बायको बानोभाभी म्हणायची, "लोकाइचे नवरे भाजी आनतात, माहा कचरा आनते." पण त्या कचऱ्यातून कोणाची पिठाची गिरणी उभी राहायची, कोणाची टिनाची शाळा, कोणाची मोटेची विहीर. माणूस मात्र तो एकही टाकायचा नाही. "माणूस टाकला का ते खेळनं होते, कारभारी," तो मला सांगायचा. "जागा मोकळी ठेवावी. ज्याची हाये तो येऊन बसते."

सत्यभामाबाई आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडी. मुलाचं, गोपालचं, घर आमच्या मागच्या कॉलनीत. मूळ गाव नदीकाठचं, धरणात गेलेलं. त्यांचे यजमान नारायणराव यांना विसरायचा आजार झाला होता. आधी वस्तू विसरल्या, मग नातवंडं. राहिलं फक्त घर, तेही पाण्याखालचं. रोज दुपारी ते पिशवी घेऊन निघायचे आणि बसस्टँडवर कंडक्टरला त्या बुडालेल्या गावाची गाडी विचारायचे. एकदा ट्रकखाली येता येता वाचले. आता गोपाल बाहेरून कुलूप लावायचं म्हणत होता.

"पोरगा वाईट नाही," बाई म्हणाल्या. "भेते तो. पन रज्जाकभाऊ, मानसाले कोंडून ठेवाव का? जनावर हाये का ते? तुम्ही घर करून द्या. भिंतीले लावतो. घर दिसलं का ते कायले जातीन बाहीर?"

रज्जाकनं काच कापायला घेतली नाही. "फोटो हाये का माय, घराचा?"

"घराचा फोटो कोन काढते भाऊ? मानसाचेच निघत नव्हते."

मग बाईंचं रोज येणं सुरू झालं. त्या स्टुलावर बसून सांगायच्या आणि रज्जाक करायचा. मातीच्या सपाट छपराचं, धाब्याचं घर, पाणी जायला पन्हाळ, ओट्याला एका बाजूला खचलेला दगड. तुळस डावीकडं की उजवीकडं यावर दोघं चांगले भांडले. शेवटी बाई उठल्या, दुकानालाच घर समजून त्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या, हातानं पाणी घातल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "उजवीकडंच." धरणाचं पाणी उतरलं तेव्हा त्या गोपालला घेऊन गेल्या आणि जुन्या जागेवरची पांढरी माती पदरात बांधून आणली. आमच्याकडं घरांच्या भिंती याच मातीच्या. रज्जाकनं ती चाळली, डिंकात कालवली आणि करंगळीनं भिंती सारवल्या. सारवताना बाई नुसत्या बघत होत्या. डोळ्यांचं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही, आणि मी उगाच मशीनमधला कागद नीट करत बसलो.

दार रज्जाकनं शेवटी केलं. जुन्या सागवानी फ्रेमचं लाकूड, त्यावर फळ्यांच्या रेघा, तारेची कडी, इवलासा कोयंडा. असं दार त्यानं आजवर केलं नव्हतं. ते नीट दिसावं म्हणून त्यानं बंद करून चिकटवलं.

फ्रेम घेऊन आम्ही दोघं गेलो. नारायणराव खाटेवर बसले होते. गोपालनं फ्रेम त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीला लावली. ते उठले, जवळ गेले.

"कोनाचं घर हाये हे?" नारायणरावांनी विचारलं.

"आपलं. नीट पाहा ना," बाई म्हणाल्या.

"आपलं कसं? दार लावेल हाये." त्यांनी मान हलवली. "भर दुपारी दार लावेल हाये. इथं कोनी राहत नाही." आणि पिशवी उचलून ते बसस्टँडकडं निघाले.

त्या गावात परगावी गेल्याशिवाय दिवसा कोणी दार लावत नसे. उंबऱ्यातून कोंबडी आत जायची, शेजारीण यायची, पावणा यायचा. हे बाईंना ठाऊक नव्हतं का? पण इतकी वर्षं कॉलनीत राहून, धुळीपायी नि कुत्र्यांपायी दार लावून घ्यायची सवय त्यांनाही लागली होती. आणि आम्ही दोघं तर शटरवाले. बंद दार तिघांनी पाहिलं, तिघांनी वाखाणलं.

गोपाल वडिलांना परत घेऊन आला तेव्हा त्याच्या हातात नवं कुलूप होतं. रज्जाकनं ते पाहिलं. "चार दिवस थांब राजा," तो म्हणाला. "मंग लाव." आणि फ्रेम काढून काखेत मारली.

दुकानात येऊन त्यानं मागचा कागद फाडला, खिळे उपसले, आणि आपलं ते लाडकं दार पटाशीनं उचकटलं. त्याची एक फळी मोडली तेव्हा मलाच कसंतरी झालं. पण नुसतं दार उघडून भागत नव्हतं. दाराआड प्लायवूड होतं. घराला आतलं घरच नव्हतं.

"माय, उंबऱ्यात उभं राह्यलं का पहिले काय दिसते?" त्यानं मागोमाग आलेल्या बाईंना विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. "खुटीवर त्याइचा सदरा. खाली चूल. चुलीवर काळं भगुनं. बाजूनं मडक्याइची उतरंड." मग डोळे उघडून, "माहा पाट. रिकामाच राहे, मले बसाले टाइम कुठं होता?"

रज्जाकनं सगळं केलं. गव्हाएवढा पाटसुद्धा. धाब्याला एक भोक पाडलं, म्हणजे वरून उजेड येऊन चुलीपाशी पडेल. आणि मोडलेली फळी सांधून दोन्ही फळ्या आतल्या बाजूला सताड उघडून चिकटवल्या.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ऊन तापलेलं होतं आणि नारायणराव पिशवी घेऊन निघायच्या बेतात होते. गोपालनं फ्रेम लावली आणि बाजूला झाला. कुलूप टेबलावर होतं. रज्जाक माझा दंड धरून उभा होता, इतका घट्ट की मला ओरडावंसं वाटलं.

नारायणराव फ्रेमसमोर थांबले. वाकले. बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, पायातल्या चपला काढून भिंतीकडेला नीट लावल्या, आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "आलो बापा एकदाचा."

गोपालनं तोंड फिरवलं. सत्यभामाबाई हसत, रडत पुढं झाल्या. नारायणरावांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि अदबीनं सरकून जागा दिली.

"या ना बाई. अशा उन्हात काऊन उभ्या? कोन्या गावच्या तुम्ही?"

बाईंचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "लोणारची," त्या म्हणाल्या.

"लोणारच्या? अहो, आमची मंडळीबी लोणारचीच! थांबा, बलावतो." नारायणराव फ्रेमकडं वळले, त्या उघड्या दाराशी तोंड नेलं आणि हाक मारली, "अवो गोपालची माय! चहा मांड, तुह्या माहेरचं मानूस आलं."

आत कोणीच नव्हतं. ते ऐकत थांबले. पुन्हा हाक मारली.

तेव्हा मागून सत्यभामाबाईंनी ओ दिली.