परबाची जपानी कॅसेट

दत्ताराम परब गेला असा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या इमारतीखाली गाडी लावत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा, कुडाळहून. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ बिचाऱ्या मेव्हण्याच्या डोळ्यांदेखत माणूस गेलेला, त्याला आणखी कोण सांगणार? पण माझा स्वभावच मेला असा. आमची आई म्हणायची, ह्याला सूर्य उगवला म्हटलं तर हा आधी दार उघडून बघेल. संशय माझ्या अंगात मुरलेला आहे. तो काढून टाकला तर खाली फारसं काही उरायचं नाही. आणि परबाविषयी लिहायचं तर त्या संशयापासूनच सुरुवात करायला हवी, कारण आमची सगळी दोस्ती त्याच्यावरच उभी होती...

नव्वदीची सुरुवात. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं आणि आम्ही अहमदीत एका कंत्राटदाराकडे एसी सेक्शनला होतो. परब मेकॅनिक, मी इलेक्ट्रिशियन. तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यांचे एसी चालू ठेवायचे, एवढंच काम. पण उन्हाळ्यात छपरावर चढलं की चप्पल पत्र्याला चिकटायची. राहायला एक खोली, तीत चौघे कोकणातले, सगळ्यांची बायकामुलं गावी. परब कुडाळकडचा, उंच, सावकाश बोलणारा, खांद्यावर कायम पंचा. मी देवगडचा. एका बंगल्यात रिफायनरीच्या कामासाठी आलेला जपानी साहेब एकटाच राहायचा. त्याचा एसी वारंवार बिघडायचा आणि परब वारंवार तिकडे जायचा. एसी एवढा बिघडतो कसा, हा माझा पहिला संशय. परत येताना परबाच्या पिशवीत व्हिडिओ कॅसेटी असायच्या, वर जपानी अक्षरं, हा दुसरा. म्हटलं, हा असले-तसले सिनेमे आणतोय. एक दिवस पोलीस येतील आणि चौघांनाही पुढच्या विमानात बसवतील. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. परबाने शुक्रवारी दुपारी, माशाची कढी-भात झाल्यावर, कॅसेट सरळ खोलीतल्या, कुठल्याही देशाची कॅसेट चालणाऱ्या मल्टिसिस्टिम व्हीसीआरमध्ये घातली.

पडद्यावर फुटबॉल! ढोल, झेंडे, गच्च भरलेलं मैदान आणि केस रंगवलेली पोरं धावतायत. जपानात आणि फुटबॉल? मला पटेना. परबाने साहेबाकडून कळलेलं सांगितलं. पूर्वी म्हणे कारखान्यांच्या टीमा आपापसांत खेळायच्या, बघायला कुत्रं फिरकायचं नाही. आता नवी लीग निघाली होती, पगारी खेळाडूंची, आणि अख्खा देश तिच्या नादी लागला होता. साहेबाचा भाऊ तिकडून मॅची टेप करून पाठवायचा. त्या लीगचा एक नियम परबाला फार आवडला होता. तिथे बरोबरी नाही. वेळ संपली आणि गोल सारखे असले तर जादा वेळ, त्यात पहिला गोल करील तो जिंकला. तरीही सुटलं नाही तर पेनल्ट्या. काही झालं तरी एक जिंकणार, एक हरणार.

खोलीत राहणाऱ्यांना असला नियम म्हणजे देवाची कृपा. भांडी कोणी घासायची, पलंगाचा खालचा मजला कोणाला, यावरून आमची रोजची वादावादी. तो सगळा मोसम आम्ही पाळ्या त्या जपानी मॅचींवर ठरवल्या. ज्या दोघांत वाद, त्यांनी एकेक टीम घ्यायची, हरला त्याने मुकाट काम करायचं. मी आधी कधीच टीम सांगत नसे. परबाला बोलू द्यायचं आणि तो जी चांगली म्हणेल ती सोडून दुसरी घ्यायची, ही माझी रीत. साहेबाकडे बसून हा निकाल ऐकून आला असणार आणि हरणारी टीम माझ्या गळ्यात मारणार, असं मला वाटायचं. कधी मी जिंकायचो, कधी तो. त्यावरून खोलीत माझी भरपूर टिंगल व्हायची.

मग चतुर्थी आली. कोकणातल्या माणसाला चतुर्थीला घर दिसलं नाही तर वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. पण कुवेतमध्ये ते दिवस ऐन उन्हाळ्याचे. मिस्री, म्हणजे इजिप्तच्या, फोरमनने सांगून टाकलं, एसी सेक्शनचा एकच माणूस सुटीवर जाईल, कोण ते तुम्ही दोघं ठरवा, खलास. परबाने नवं घर बांधलं होतं, त्यात पहिला गणपती यायचा होता. माझी आई अंथरुणाला खिळली होती. हे मी खोलीत कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर परबाने सुटी सोडली असती, आणि कुणी दिलेलं मला पचत नाही. एकदा मला ताप असताना तो माझ्या वाटणीचं छपरावरचं काम करून आला, तर मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. घरी फोन करायला टेलिफोन ऑफिसात जायचो तेव्हा परब माझ्यामागे रांगेत असायचा खरा. मी बूथच्या काचेआड, तो बाहेर. काच जाड आहे असं मी धरून चाललो होतो.

‘मॅचीवर ठरवूया,’ परबच म्हणाला. नवी कॅसेट त्याने पिशवीतून काढली तेव्हा माझी नजर तिच्या खिडकीवर गेली. न बघितलेल्या कॅसेटीचं सगळं रीळ डावीकडे असतं. ह्या कॅसेटीचं थोडंसं उजवीकडे सरकलेलं होतं. मी काही बोलणार, तोवर परब म्हणाला, “तू निळो घे. निळो बरो आसा.”

मी लाल घेतली.

ती मॅच मी अजून विसरलेलो नाही. जादा वेळही कोरडा गेला. पेनल्ट्या सुरू झाल्या तेव्हा खोलीतल्या दोघांनी पंखा बंद केला, कशाला ते त्यांनाच ठाऊक. शेवटी निळ्याच्या खेळाडूने बॉल गोलच्या दांडीवरून बाहेर मारला आणि तिथेच खाली बसला. परब उठला, पंखा लावला आणि भांडी घासायला गेला. ती पाळी त्याची नव्हती.

मी गावी गेलो. आईने मला ओळखलं, माझ्या हातून मोदकाचा तुकडा खाल्ला, आणि मी पत्रांत लिहायचो त्या परबाच्या आईची चौकशी केली. दिवाळीच्या आधी माझी आई गेली. तेव्हा मला पुन्हा सुटी मिळाली नाही. म्हणजे ती भेट शेवटचीच. इकडे परबाच्या नव्या घरात पहिला गणपती त्याच्या मेव्हण्याने डोक्यावरून आणला.

त्यानंतर मी परबाला किती वेळा छेडलं! तू ती कॅसेट आधी बघितली होतीस की नाही, खरं सांग. त्याचं उत्तर ठरलेलं, “कस्टमवाल्यांनी बघितल्यानी असतली.” यातही खोटं काही नव्हतं. बाहेरून आलेली कॅसेट विमानतळावर लावून बघायचेच. जपानी साहेब परत गेला तेव्हा बाकीच्या कॅसेटी सोबत घेऊन गेला आणि ही एकच परबाकडे राहिली, त्याचंही कारण त्याने सांगितलं नाही. पुढे माझी नोकरी बदलली, कुटुंब आलं, परब कायमचा गावी गेला. तरी ते मनातून जात नव्हतं. मी ती सुटी जिंकली असेल तर प्रश्न मिटला. त्याने ती दिली असेल, तर आईला शेवटचं बघणं मला त्याच्यामुळे मिळालं, आणि मी त्याचे साधे आभार मानले नाहीत...

सुटी मिळाल्यावर गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन आलो. ओटीवर त्याची खुर्ची, तिच्या पाठीवर पंचा. वहिनी फार बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी एका ताटात दोन वस्तू आणल्या, त्याचं मनगटी घड्याळ आणि ती कॅसेट. आठवण म्हणून एक घ्या म्हणाल्या. “घड्याळ घेवा, भावोजी. चालू आसा. कॅसेटीचा काय करतल्यात?”

ह्या मला घड्याळच का घ्यायला सांगतायत? माझा हात कॅसेटीकडे गेलासुद्धा.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या हसत होत्या. म्हणाल्या, “ह्येंनी सांगून ठेवल्यानी होता. भावोजींका कॅसेट देवची आसा, तर घड्याळ घेवा म्हणा.”

मी तिथेच ओटीवर बसलो. लहान पोरासारखा रडलो, त्याची लाज वाटली नाही. तू निळो घे, म्हणाला होता.

परतताना कुवेत विमानतळावर कस्टमच्या तरुणाने ती कॅसेट उलटसुलट केली. असली वस्तू आता कोण आणतो? यात काय आहे, त्याने विचारलं. फुटबॉल, जपानचा, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जन्मभर सगळ्यांकडे बघत आलो. मग विचारलं, कोण जिंकलं?

“माझा दोस्त,” मी म्हणालो.

त्याने कॅसेट परत दिली. ती आता आमच्या टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे. व्हीसीआर घरात राहिलेला नाही, आणि मला तो आणायचाही नाही.