व्हिडिओवर स्पीकर पारखणारी बाई

सरोजबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याशीच भांडत होतो. म्हणजे मोबाइलवर. सकाळी त्यांनी नेहमीसारखे दोन छोटे व्हिडिओ पाठवले होते. दोन्हींत तीच खोली, तेच स्पीकर, तेच गाणं, आणि खाली एकच ओळ : 'सांगा सर, काय बदललं?' मी इकडे जालन्यात ओट्यावर चहा घेत उत्तर लिहीत होतो, की बाई, हजारदा सांगितलं, फोनवर स्पीकरचा आवाज कळत नसतो, सोडा हा हट्ट… आणि मंठ्याहून फोन आला. त्यांची भाची प्रणाली. "सर, आत्या गेली. खुर्चीत बसल्या बसल्याच गेली." माझा मेसेज अर्धाच राहिला. अजून तसाच आहे.

जलदानविधी झाला, पुण्यानुमोदनाला शाळेतली जुनी मंडळी येऊन गेली. मग आवाजाचा नाद असलेल्या आम्हा लोकांच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. त्यात शहरातल्या एका जाणकारानं लिहिलं, "भली बाई होती. व्हिडिओवर स्पीकर पारखायची बिचारी." पुढं हात जोडलेले, त्याच्यापुढं हसरा चेहरा. बिचारी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई वर्गात नुसती मान वळवायची आणि मागच्या बाकावरची कुजबूज बंद व्हायची, ती बिचारी? त्यांच्याशी भांडायचा हक्क माझा होता. बरीच वर्षं भांडून कमावलेला. तिसऱ्यानं त्यात तोंड घालायचं काम नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मंठ्याच्या शाळेत आम्ही बरोबरच नोकरी केली. मी विज्ञान शिकवायचो, त्या मराठी. हा नाद कुठून लागला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील गायनपार्टीत गायचे, जयंतीला गावोगावचं बोलावणं असायचं. "पुढं सतरंजीवर माणसं बसायची सर. आम्ही बायापोरी पार मागं, भोंग्याखाली. पत्र्याच्या डब्यात बसून कोणी गाऊन राह्यलंय, असा आमच्या बापाचा आवाज आम्ही ऐकला. पुढच्यांना गळा भेटला, आम्हाला डबा." हे सांगताना त्या हसल्या नव्हत्या. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात, तीर्थाला जातात. बाईंनी ठरवलं, चांगले स्पीकर घ्यायचे आणि माणसाचा आवाज माणसासारखा ऐकायचा. तोही पुढं बसून.

त्यासाठी आम्ही संभाजीनगरला गेल्तो. मोठं दुकान, आत काचेची वेगळी खोली, मधोमध एक गुबगुबीत खुर्ची आणि समोर स्पीकर. दुकानातल्या माणसानं मला, म्हणजे नुसत्या सोबत आलेल्याला, त्या खुर्चीवर बसवलं आणि बाईंना दाराशी स्टूल दिलं. "वहिनी, तुम्ही इथं आरामात बसा." बाईंनी पर्स खाली ठेवली. "सर, उठा." मी उठलो. मीच काय, आमचे मुख्याध्यापकसुद्धा उठले असते. खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "एखादी बाई साधं बोलतीय, असं काही लावा." तो हसला. "मॅडम, बोलणं ऐकायला एवढे स्पीकर कशाला? बेस ऐका बेस!" आणि त्यानं असलं काही धडामधुडूम लावलं की काचा थरथरायला लागल्या. बाई ताडकन उठल्या. बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस पिताना म्हणाल्या, "आता या दुकानांत मी पाय ठेवणार न्हाई. घरी बसून पारखते. व्हिडिओवर."

मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, काहीतरीच काय! नेटवर स्पीकर वाजवून दाखवणाऱ्याच्या खोलीतला आवाज त्याच्या माइकमधून तुमच्या फोनमध्ये, तिथून तुमच्या हेडफोनमध्ये. पंगतीचा फोटो पाहून वरण कसं झाल्तं ते सांगण्यातला प्रकार आहे हा." त्यांनी ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "वरणाची चव न्हाई कळत. पण कोणाच्या ताटात वाढलं अन् कोणाच्या न्हाई, ते फोटोत बराबर दिसतं." रसाचे पैसेही त्यांनीच दिले आणि येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या.

मग त्यांचं ते पारखणं सुरू झालं. त्यांची रीत मी इथं मुद्दाम सांगतो, हसणाऱ्यांनी वाचावी. एकाच खोलीत, एकाच माइकवर दोन स्पीकर आळीपाळीनं लावलेले व्हिडिओच त्या घ्यायच्या. "मी आवाज ऐकतच न्हाई सर, फरक ऐकते. माइक वाकडा असंल, माझा हेडफोन वाकडा असंल, तर दोघांनाही सारखाच वाकडा. तरीही एक निराळा वाटला, तर तो फरक कोणाचा?" मी म्हणायचो, "आणि त्यानं एकाचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला तर? मोठा आवाज नेहमी गोडच लागतो." "म्हणून मी आधी बटण दाबून दोन्ही बराबर करते." उत्तर तयार! आणि सगळं जग गाणं यायची वाट बघतं, तर बाई त्याच्या आधीचं बोलणं ऐकायच्या. व्हिडिओवाला माणूस 'नमस्कार मित्रांनो' म्हणतो ना, ते. "माणूस बोलला की त्याच्यासंगं खोली येती. मोकळी का भरलेली, भिंत जवळ का लांब. आधी ती खोली मनातून वजा करायची, मंग गाणं ऐकायचं." ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा जाणकारांची हसून हसून पुरेवाट झाली. बाईंनी त्यांना एवढंच उत्तर दिलं, "हसून झालं की ऐकून बघा."

असे पारखून मागवलेले स्पीकर ट्रान्सपोर्टनं मंठ्याला आले आणि मी खास जिंकायला गेलो. मला खाटेवर बसवलं. स्पीकरसमोरची जाड गादीची, वर गोधडी टाकलेली खुर्ची त्यांची. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. त्यांनी वाद्यं नसलेलं, नुसतं बाईच्या गळ्यातलं काही लावलं. काय सांगू… त्या गाणारीनं मध्येच श्वास घेतला तर मी दाराकडं पाहिलं, कोण आलं म्हणून. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "ठीक आहे." "ठीक?" "लॉटरी लागली तुम्हाला बाई." त्या दिवसापासून मी काही कबूल केलं नाही आणि त्यांनी काही पिच्छा सोडला नाही. कधी पडदा काढायच्या, कधी स्पीकर भिंतीपासून पुढं ओढायच्या, आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ पाठवायच्या : सांगा, काय बदललं? मी लिहायचो, 'कळत नाही.' त्या लिहायच्या, 'ऐकत न्हाई म्हणा.'

परवा प्रणालीचा मेसेज आला. "सर, तुमच्या ग्रुपमधले ते काका आत्याचे स्पीकर मागून राह्यलेत. चालू आहेत का बघायला व्हिडिओ पाठव म्हणाले. पाठवू का? तुम्ही आधी बघा." ते काका म्हणजे तेच, बिचारीवाले. आणि मागितलं काय, तर व्हिडिओ! मी इतक्या जोरात हसलो की घरातून मंडळी बाहेर आली. मग हेडफोन लावला. प्रणालीचा आवाज आला, "हे बघा सर, दोन्ही बाजूचे चालू आहेत…" आणि गाणं लागायच्या आतच मी व्हिडिओ थांबवला. पोरीचा आवाज खणखणत होता, सामान लावायच्या आधी नव्या घरात बोलल्यासारखा. पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. मी फोन लावला.

"प्रणाली, आत्याची खुर्ची कुठंय?"

तिनं उलट विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? व्हिडिओत तर नुसते स्पीकर दिसून राह्यलेत."

"कुठंय ते सांग."

"विधीच्या दिवशी व्हरांड्यात काढली सर. गोधडी धुऊन कपाटात ठेवली."

"परत ठेव. गोधडीसकट. जल्दी."

तिनं ठेवली आणि दुसरा व्हिडिओ पाठवला. तेच वाक्य पुन्हा बोलली आणि आवाज गुमान खाली बसला. मी ओट्यावर बसून दोन्ही व्हिडिओ पाठोपाठ ऐकत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते आलं. त्या काकांना प्रणालीनं परस्पर कळवलं, "विकायचे न्हाईत. ऐकायचे असतील तर मंठ्याला या. बसायला खाट आहे." शाब्बास! शेवटी आत्याचीच भाची.

तेव्हा जाणकारहो, बाईंना कान होता, आणि तुमच्या सगळ्यांच्या मिळून जेवढा असेल त्याहून जास्त होता. पण मी हरलो असं कोणी समजू नये. त्या असत्या तर आजही मी 'लॉटरी' असंच म्हणालो असतो. त्या नाहीत, याचा मला राग येतो. भांडण असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? त्यांचे ते शेवटचे दोन व्हिडिओ मी आता रोज चहानंतर ऐकतो. दोन्हींत आधी बाई म्हणतात, "हं, ऐका." काय बदललं ते मला अजून सापडलेलं नाही. प्रणालीला बजावून ठेवलंय, सापडेपर्यंत त्या खोलीतलं काही हलवायचं नाही.

"अन् सापडल्यावर?" तिनं विचारलं.

"सापडल्यावरही नाही."