डायपर उघडायची किळस

बाळंत झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीने पहिली शी केली. काळी, चिकट, डांबरासारखी. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर मांडीभर पसरली. मला उमासे आले. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आईले आपल्या लेकराची घाण वाटत नसते."

मला वाटत होती.

पुढे शी हिरवी झाली आणि आठवड्याभरात पिवळी, पातळ, मोहरीसारखे दाणे असलेली. दिवसाला सात-आठ वेळा. माझं वरण खाणं सुटलं. सासूने जुन्या धोतराची लंगोटं शिवून ठेवली होती, पण मी नवऱ्याला बोथच्या बाजारातून डायपर आणायला लावले. डायपर उघडेपर्यंत काही दिसत नाही, एवढंच मला हवं होतं. वास आला की मी तोंड फिरवायची. आणखी एकदा पाजून मग बदलू, असं म्हणत दुपार जायची. सासू कापूस वेचायला शेतात. विचारणारं कोणी नव्हतं.

एक दिवस पोरगी रडायची थांबेना. सासूने येऊन डायपर सोडला. जांघा सोलवटून लाल झाल्या होत्या, घडीत मी वास दबावा म्हणून टाकलेल्या पावडरचा ओला लगदा.

"कधीचं हाय हे?"

"सकाळचं."

ती रागावली नाही. "घाण वाटते तं वाटू दे. पण पोरगी काऊन जळून राह्यली त्याच्यात?"

आमचं गाव सीमेवरचं, दवाखान्यातली नर्स तेलुगू. माझ्याशी हिंदीत बोलली, "पावडर बंद. पानी से धोना, सुखाना, थोड़ी देर खुला रखना।" पातळ होतं म्हणून विचारलं, तर म्हणाली आईच्या दुधावरच्या बाळाला असंच होतं.

मलम लावलं, लंगोटं सुरू केली. ती धुताना पिवळं नखांत जायचं. दोनदा साबण लावूनही मी जेवायच्या आधी बोटं हुंगायची. पाच-सहा दिवसांत कातडी भरून आली.

दुसऱ्या महिन्यात चार दिवस तिला शी झालीच नाही. पीत होती, खेळत होती; मी मनातून खूश. पाचव्या दिवशी मांडीवर घेतली आणि सगळं एकदम सुटलं. लंगोटातून, माझ्या साडीतून, कोमट, पायापर्यंत. आधी तिला धुतलं, मग मोरीत जाऊन ओकले.

नवरा दारात उभा होता. "अजून किळस येते तुले?"

"येते," म्हटलं, आणि लंगोटांची बादली त्याच्या हातात दिली.